काटकोनातली घडवंची

शाळेच्या पाण्यात बकरीनं तोंड घातलं तेव्हा मी नववीच्या वर्गात काटकोन त्रिकोण शिकवत होतो. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढं गावात असं बोललं गेलं, की पवळे सरांनी हे सगळं हौसेनं अंगावर ओढून घेतलं. तसं नाही. सुरुवात बकरीनं केली.

त्या साली मुरुडला पाऊस नावापुरता झाला होता. लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता, आणि नव्या जिल्ह्याच्या वाट्याला कोरड्या विहिरी आल्या होत्या. शाळेच्या आडात तर तळाचा खडक दिसत होता. टँकर यायचा, पण तो कधी येईल हे टँकरवाल्यालाही सांगता येत नसे. म्हणून तो आला की शाळेचे सगळे हंडे आणि घागरी भरून व्हरांड्यात जमिनीवर ओळीनं मांडून ठेवायच्या, अशी पद्धत होती. त्यातल्या एका हंड्यात बकरीनं तोंड घातलं. कोणत्या, ते बकरीशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. त्यामुळे सगळंच पाणी संशयात आलं.

दुपारी तुळजाबाई आली. तिची मुलगी माझ्याच वर्गात होती. ती वर्गाच्या दारात उभी राहून म्हणाली, "सर, पोरी बकरीचं उष्टं पिऊन राहिल्या, आन् तुमी फळ्यावर रेघा मारून राहिले. पाणी उंचावर ठिवायचं हे कुनाच्याच ध्यानात न्हाई का?" एवढं बोलून ती मुलीला घरी घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी वर्ग निम्मा रिकामा होता. पाण्याची खात्री झाल्याशिवाय लेकरं पाठवायची नाहीत, असं आळीआळीनं ठरलं होतं.

आमचे मुख्याध्यापक चंद्रप्पा हालकुडे मवाळ माणूस. त्यांनी मला ऑफिसात बोलावलं आणि म्हणाले, "पवळे सर, घडवंची पाहिजे. लांबलचक. सगळे हंडे एका ओळीत, कमरेएवढ्या उंचीवर."

मी म्हणालो, "सुताराला सांगू."

"सुतार कुठं आहेत?"

ही गोष्ट खरी होती. मुरुडचे झाडून सगळे सुतार लातूरला गेले होते. नव्या जिल्ह्याला साहेब लागतात, साहेबांना टेबलं लागतात, टेबलांमागं खुर्च्या लागतात, आणि साहेबांच्या हाताखाली जी माणसं असतात त्यांनाही कशावर तरी बसावं लागतं. सुतारांना रात्रंदिवस काम होतं. मुरुडात कुणाची बाज मोडली तरी लोक ती भिंतीला टेकवून ठेवत आणि सुताराची वाट बघत.

हालकुडे सर म्हणाले, "लाकूड आपल्याकडं आहे. करवतही आहे. काटकोनाचं काम आहे, म्हणून तुम्हाला बोलावलं."

इथं मला नाही म्हणता आलं असतं. पण भूमितीच्या शिक्षकाला काटकोनाच्या कामासाठी बोलावलं, की त्याचा स्वतःविषयीचा अंदाज थोडा वाढतो. मी हो म्हणालो.

लाकूड म्हणजे शाळेच्या आवारातला लिंब. तो पाण्यावाचून उभा वाळला होता. तो तोडण्याची परवानगी हा स्वतंत्र विषय आहे आणि तो मी टाळतो. त्याचे चौकोनी वासे पाडून आणून ठेवले होते. आणि करवत म्हणजे पट्टाकरवत. जुन्या जिल्ह्याच्या सामानाची वाटणी झाली, तेव्हा कुठल्याशा बंद पडलेल्या कार्यशाळेतलं हे मशीन आमच्या शाळेच्या वाट्याला आलं होतं. ते का आलं, हे कुणी विचारलं नाही. वाटणीत आलेली वस्तू नाकारायची नसते. एकावर एक दोन मोठी चाकं, त्यांच्याभोवती दातेरी पोलादी पट्टा, आणि खाली मोटर. मोटर चालू केली की पट्टा वरून खाली धावतो.

पहिल्या दिवशी मशीन चालवायला खेळाचे मास्तर संगप्पा आले. ताकदीचं काम आहे असं त्यांनी ठरवलं होतं. त्यांनी वाशाचा तुकडा दोन्ही हातांत घट्ट धरला आणि धावत्या पट्ट्याला लावला. पट्ट्यानं तो त्यांच्या हातून ओढून घेतला आणि खाली मोटरीवर आपटला. संगप्पा बराच वेळ आपल्या रिकाम्या हातांकडं बघत उभे राहिले. मग म्हणाले, "हे मशीन माणसाळलेलं न्हाई."

मी मोटर बंद करून मशीनभोवती फिरलो. मधोमध अर्धचंद्रासारखं एक लोखंडी बूड होतं, त्याला दोन बोल्ट होते, आणि त्यावर काहीच नव्हतं. कशासाठी तरी केलेली जागा रिकामी आहे, म्हणजे तिथं काहीतरी असलं पाहिजे. लाकूड ठेवायला पाटासारखं काहीतरी. मशीनला टेबल होतं आणि ते आलेलं नाही, हे मी अशा रीतीनं जागेवरच सिद्ध केलं. हालकुडे सरांनी मला लातूरला जाऊन चौकशी करायला सांगितलं.

त्या वर्षी ज्यानं लातूरला चौकशी केली असेल, त्यालाच माझं दुःख कळेल. प्रत्येक खातं कुठून तरी निघालेलं असे, पण कुठं पोचलं हे शेजारच्या खात्याला माहीत नसे. पाट्यांचा रंग ओला होता. एका इमारतीत मी आमच्या सामानाची चौकशी केली, तेव्हा तिथल्या माणसानं मलाच विचारलं, की तुम्ही येताना आमची कपाटं कुठं पाहिली का. शेवटी एका आडबाजूच्या ऑफिसात, जिन्याखालच्या जागेत, मला ते दिसलं.

एक बाई लोखंडी टेबलावर लिहीत बसल्या होत्या. टेबल चौरस, जाडजूड, खोक्यावर ठेवलेलं. त्याच्या मधोमध भोक होतं आणि भोकापासून कडेपर्यंत एक सरळ फट गेली होती. भोकात शाईची दौत बरोबर बसवलेली होती. फटीत कार्बनचे कागद उभे खोचले होते. बाईंचं नाव पंचशीला सोनकांबळे, हे मला नंतर कळलं.

मी विचारलं, "बाई, हे टेबल कुठलं?"

"माझं," त्या म्हणाल्या.

"नाही, म्हणजे मूळचं कुठलं?"

"सर, या ऑफिसात मूळचं कुणीच नाही. मी नांदेडहून आले, साहेब बीडहून आले, पंखा अजून यायचाय."

मी त्यांना समजावून सांगितलं, की हे टेबल नव्हे. म्हणजे टेबलच आहे, पण करवतीचं आहे.

त्यांनी लेखणी खाली ठेवली. "करवतीला टेबल कशाला? तिला काय लिहायचंय?"

मी भोकाचा आणि फटीचा उपयोग सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मला वाटलंच होतं, की एवढं सोयीचं टेबल सरकार आपल्यासाठी करणार नाही. पण सर, मी रुजू झाले तेव्हापासून मांडीवर फाइली ठेवून लिहीत होते. सामानाच्या गाडीतून हे उतरलं, तेव्हा चौघांनी यावर हक्क सांगितला. मी भांडून मिळवलंय. शिवाय लोखंड आहे, गार असतं. पंखा नाही, तर दुपारी दोन्ही हात यावर ठेवून बसते."

बाई खरं बोलत होत्या. बाहेर ऊन असं होतं, की मलाही त्यावर हात ठेवावासा वाटला. पण शाळेची लेकरं घरी बसली होती. मी बकरीपासून सगळं सांगितलं. बकरी ऐकल्यावर त्या जरा नरमल्या.

"टेबलाला टेबल आणा," त्या म्हणाल्या. "आणि ड्रॉवरचं आणा. मग न्या खुशाल."

परतीच्या एसटीत मी विचार करत होतो. करवतीचं टेबल मिळवायला लाकडी टेबल करणं भाग होतं, आणि लाकडी टेबल करायला करवतीला टेबल हवं होतं. गणितात अशा ठिकाणी आपण एक राशी बाहेरून आणतो. बाहेरून म्हणजे कुठून, याचं उत्तर मुरुड येईपर्यंत मला मिळालं, आणि ते बायकोला कसं सांगायचं या विचारानं मी थांब्यावर उतरल्यावरही थोडा वेळ तिथंच बसून राहिलो.

आमच्या घरात एक सागवानी टेबल होतं. दोन ड्रॉवरचं. सासऱ्यांनी लग्नात दिलेलं, उमरीहून आमच्या बिऱ्हाडाबरोबर आलेलं. त्यावर मी पेपर तपासायचो आणि एरवी माझी बायको सिंधु त्यावर शिवणाचं कापड बेतायची.

सिंधुनं सगळं ऐकलं. मग विचारलं, "म्हणजे टेबल न्यायचं ते कशासाठी?"

"टेबल आणायला."

"टेबल देऊन टेबल."

"हो."

"मग आहे त्यात काय वाईट आहे?"

मी पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागलो. तिनं हातानंच थांबवलं. "कळलं मला. पोर घरी बसलीय म्हणून तुळजाबाई रोज मला येऊन सांगते. न्या." मग तिनं ड्रॉवर रिकामे केले, घागरीतलं थोडं पाणी घेऊन फडकं ओलं केलं आणि टेबल वरपासून पायांपर्यंत पुसलं. त्या दिवसांत ओलं फडकं ही लहान गोष्ट नव्हती. ती पुसत असताना मी उगीचच बाहेर जाऊन उभा राहिलो.

टेबल एसटीच्या टपावर चढवलं. पाय आभाळाकडं करून ते दोरीनं बांधलं आणि मी खाली खिडकीशी बसलो. आता मुरुडच्या थांब्यावर अर्धं गाव उभं असतं आणि उरलेलं अर्धं तिथून बातमी घेऊन जातं. त्या वर्षी टपावर टेबल आणि खाली मास्तर याचा एकच अर्थ होत असे.

"बदली झाली का सर?" कुणीतरी विचारलं.

मी म्हणालो, "नाही, टेबल द्यायला चाललोय."

"बरोबर हाय. आधी टेबल, मग माणूस," तो म्हणाला.

लातूरला सागवानी टेबल पाहून पंचशीलाबाई उठून उभ्या राहिल्या. त्यांनी दोन्ही ड्रॉवर उघडून, बंद करून पाहिले. हेडक्लार्कनं मात्र अडचण काढली. लोखंडी टेबल देऊन लाकडी टेबल घेतलं, तर नोंद काय करायची, हा त्याचा प्रश्न होता. यावर बरीच चर्चा झाली. मला तर तीन वेळा वेगवेगळ्या खोल्यांत पाठवून पुन्हा जिन्याखाली आणलं गेलं. शेवटी पंचशीलाबाईच म्हणाल्या, "ऑफिसात टेबल एक होतं, एकच आहे. कशाचं आहे हे साहेबांनी विचारलं, तर सांगू." साहेबांनी कधी विचारलं नाही.

ओतीव लोखंडाचं ते टेबल टपावर चढवताना तिघेजण लागले. कंडक्टर सकाळचाच होता. तो टेबलाकडं बघून म्हणाला, "सर, सकाळचं चांगलं होतं."

मुरुडला पोचलो, तर माझ्या दारात एक अनोळखी गृहस्थ खिडक्या मोजत होते. आमचे घरमालक वीरण्णा त्यांच्याशेजारी उभे होते. वीरण्णांचं खाली हार्डवेअरचं दुकान आणि वर आमचं बिऱ्हाड. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, बोलणं सावकाश. मला पाहून ते म्हणाले, "सर, बदलीचं आमाला सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? हे गृहस्थ तलाठी हायत. खोल्या बघायला आलेत."

"माझी बदली झालेली नाही."

"टेबल गेलेलं सगळ्यांनी पाहिलंय," वीरण्णा म्हणाले.

बदली झालेली नाही हे सिद्ध करायला काहीच साधन नसतं, हे मला त्या संध्याकाळी कळलं. झालेल्या बदलीचा कागद असतो; न झालेल्या बदलीचा नसतो. शेवटी सिंधुनं जिन्यावरून खाली येऊन, "आम्ही कुठं जात नाही," एवढंच सांगितलं, आणि तलाठी निघून गेले. तिच्या शब्दाला माझ्या शब्दापेक्षा जास्त वजन आहे, हे वीरण्णांनी मला परत परत ऐकवलं.

मग टेबल बसवण्याचं काम सुरू झालं. ते अर्धचंद्राच्या बुडावर बसतं, आणि खालचे बोल्ट सैल केले की डावीउजवीकडं कलतं. पट्टा सरळ खाली उतरतो. टेबल त्याच्याशी बरोबर काटकोनात असलं, तर वाशाचा कापही काटकोनात येतो. नाही तर पायाचा तळ तिरका होतो आणि घडवंची लंगडते. इतकं साधं काम. मी वीरण्णांच्या दुकानातला गुण्या मागून आणला. गुण्या म्हणजे सुताराचा काटकोन, एक जाड दांडी आणि एक पातळ पाती. तो टेबलावर ठेवून पाती पट्ट्याला भिडवली, मधून उजेड दिसणार नाही असं टेबल कलवलं, बोल्ट आवळले आणि आधी चार पाय कापले.

ते चारही पाय उभे केले, तर चारही एकाच बाजूला झुकले. वारं लागल्यासारखे.

संगप्पा म्हणाले, "बोल्ट ढिले राहिले." त्यांनी पाना घेऊन ते असे आवळले, की नंतर सोडवायला पान्याला पाइप लावून दोघांना लोंबकळावं लागलं. हालकुडे सर म्हणाले, की मशीनच्या खालची फरशी तपासा. म्हणून अख्खं मशीन उचलून खाली विटांचे तुकडे घातले. वीरण्णा बघायला आले आणि म्हणाले, "सर, मशीनचं तोंड दक्षिणेला हाय." मी म्हणालो, की काटकोनाला दिशा नसते. ते म्हणाले, "तुमच्या पुस्तकात नसंल." मशीन फिरवलं. दुपारी वीज गेली की सगळे लिंबाच्या बुंध्यावर बसून पुढचे सल्ले तयार ठेवत. वीज आली की मी पुन्हा गुण्या लावायचो, पुन्हा उजेड दिसायचा नाही, आणि पुन्हा पाय तिरका यायचा. वर्गातही कुजबुज सुरू झाली होती. मी फळ्यावर काटकोन काढला, की मागच्या बाकावरून कुणीतरी मान तिरकी करून बघायचं.

हे मला लागलं. मी सिंधुला म्हणालो, "माझं काहीतरी चुकतंय."

"मग तपासा," ती म्हणाली. "तुम्ही पेपर तपासता तसं. कोण बरोबर, असं आधीच धरून चालता का तुम्ही?"

त्यावर मी विचार केला. मी टेबल तपासलं होतं, पट्टा तपासला होता, फरशी तपासली होती, दिशासुद्धा तपासली होती. फक्त गुण्यावर विश्वास ठेवला होता, कारण तो गुण्या होता.

मी एक सरळ कडेची फळी घेतली. गुण्याची दांडी कडेला टेकवून पातीनं एक रेघ मारली. मग गुण्या उलटा केला, दांडी त्याच कडेला, पाती त्याच बिंदूवर, आणि दुसरी रेघ मारली. काटकोन खरा असेल, तर दोन्ही रेघा एकावर एक पडायला हव्यात. त्या खाली एका बिंदूत निघाल्या आणि वर जाईपर्यंत त्यांच्यात बोट मावेल एवढं अंतर पडलं.

मी ती फळी घेऊन दुकानात गेलो आणि वीरण्णांना दाखवली. त्यांनी स्वतः गुण्या उलटा-सुलटा लावून पाहिला.

"दुकान टाकलं तवापासून हाच गुण्या हाय," ते शेवटी म्हणाले. "जो येतो तो मागून नेतो. गावातली निम्मी दारं ह्याच्यावरच झाली."

"त्यातली लागतात किती?"

वीरण्णांनी दुकानाच्या दाराकडं पाहिलं. ते दार रोज खांदा देऊन लावावं लागत असे आणि त्याचा दोष आजवर लाकडाला जात होता. त्यांनी गुण्या फडक्यात गुंडाळून गल्ल्याखाली ठेवला. "सर, हे कुनाला बोलू नका," ते म्हणाले. "लोकांची घरं झालीत आता." मी कुणाला बोललो नाही.

मग मी माझ्याच हत्यारांवर आलो. वर्गातला लाकडी कंपास घेतला, दोन कंस काढले, छेदबिंदूतून लंब टाकला आणि पत्र्याचा एक काटकोन कापला. तो उलटून पाहिला. दोन्ही रेघा एक झाल्या. आयुष्यभर मुलांकडून घोकून घेतलेली रचना प्रत्यक्षात उपयोगी पडते, हे पाहून मला जितका आनंद झाला, तितकंच आश्चर्यही वाटलं. पण ते मी चेहऱ्यावर दिसू दिलं नाही.

तरीही पहिला काप किंचित तिरका आला. पाहतो तर पट्ट्याचे दात एक डावीकडं, एक उजवीकडं वाकवलेले, आणि माझा पत्रा दातांवर टेकत होता. तो दातांमागच्या सपाट भागाला लावला. मग काप जवळजवळ बरोबर आला. जवळजवळ, कारण बोल्ट आवळताना टेबल केसभर हलायचं. म्हणून केसभर उलट्या बाजूला कलवून आवळायचं, म्हणजे आवळताना ते जागेवर येतं. हे कुठल्याही पुस्तकात नाही. हे मी, बोल्ट आणि उन्हाळा यांनी मिळून शोधलं.

शेवटी एका दुपारी मी वाशाचा तुकडा टेबलावर ठेवून त्याला पट्ट्यानं थोडीशी खाच पाडली, मोटर बंद केली, तुकडा उलथा केला आणि खाच पट्ट्याच्या पाठीमागून लावून पाहिली. पट्टा वरपासून खालपर्यंत खाचेत अलगद बसला. कुठं अडला नाही. मी हालकुडे सरांना बोलावलं, संगप्पांना बोलावलं, वीरण्णा बोलावल्याशिवाय आले. प्रत्येकानं तुकडा उलथा करून पाहिला. हालकुडे सर म्हणाले, "पवळे सर, हा काटकोन आहे." मी बोल्टांवर लाल रंगाचा ठिपका दिला, म्हणजे ते हलले तर कळेल, आणि संगप्पांना त्या बाजूला फिरकू नका म्हणून सांगितलं.

घडवंची दोन दिवसांत उभी राहिली. लिंबाची, लांबलचक, कमरेएवढी. पाय वाकडे नाहीत, आडव्या पट्ट्यांचे सांधे कुठं उघडे नाहीत. करवतीच्या शेडमध्ये ती ठेवली आणि हलवून पाहिली. जरासुद्धा डुगडुगली नाही. सिंधु पाहायला आली. तिनं एका कडेवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "चांगली झालीय." एवढ्यावर ती थांबली, म्हणजे खरंच चांगली झाली होती.

ज्या दिवशी टँकर आला, त्या दिवशी घडवंची व्हरांड्यात आणून भिंतीशी मांडली. पालक जमले होते. तुळजाबाई मुलीला घेऊन आली होती. हंडे ओळीनं वर ठेवले आणि टँकरची नळी एकेका हंड्यात धरून काठोकाठ भरले. सगळे बघत उभे होते. आणि मी पाहिलं, की प्रत्येक हंड्यातलं पाणी पुढच्या काठाला टेकलंय आणि मागचा काठ कोरडा राहिलाय. मग पुढच्या काठावरून थेंब गळायला लागले. एका हंड्यातून नाही, सगळ्याच.

त्या वर्षी पाणी सांडताना पाहून लोक बोलत नसत. तुळजाबाईनं झटकन पदराआडची लोटी काढून एका हंड्याखाली धरली. दुसरीनं दुसऱ्याखाली धरली.

मी गुडघ्यावर बसलो. पत्र्याचा काटकोन खिशात होता. पाय तपासले, पट्ट्या तपासल्या. सगळं बरोबर होतं. मग व्हरांड्याच्या फरशीवर गाल टेकवून पाहिलं. फरशी भिंतीकडून आवाराकडं उतरत गेली होती. गवंड्यानं ती मुद्दाम तशी केली होती, पावसाचं पाणी आत येऊ नये म्हणून.

"पुढच्या पायांखाली चिपटी घाला, सर," वीरण्णा म्हणाले.

"चिपटी घाला की," संगप्पा म्हणाले.

हालकुडे सर म्हणाले, "पवळे सर, एक छोटी चिपटी."

जो येईल तो तेच म्हणत होता. चिपटी. ज्या माणसानं सासऱ्याचं टेबल देऊन, बदलीची अफवा सोसून, गावातल्या दारांचं गुपित पोटात ठेवून काटकोन मिळवला, त्याच्या घडवंचीखाली लाकडाचा कपचा. मी म्हणालो, "फरशी चुकीची आहे." सगळ्यांनी फरशीकडं पाहिलं. फरशी काही बोलली नाही. थेंब पडत राहिले.

सिंधु गर्दीच्या मागं उभी होती. तिनं फक्त तुळजाबाईची लोटी भरत आलेली पाहून तिला आपल्याजवळची रिकामी लोटी दिली.

मी शेडमध्ये गेलो. वीज होती. लिंबाचा एक उरलेला तुकडा घेतला, पत्र्याच्या काटकोनानं त्यावर खूण केली, मोटर चालू केली आणि पुढच्या सगळ्या पायांना पुरतील इतक्या चिपट्या कापल्या. सारख्या जाडीच्या. प्रत्येक कड काटकोनात. त्या घेऊन आलो, तर संगप्पांनी काही न सांगता घडवंचीची पुढची बाजू हंड्यांसकट उचलून धरली. मी एकेका पायाखाली एकेक चिपटी सरकवली आणि त्यांना म्हणालो, "हळू."

त्यांनी ती हळू ठेवली. हंड्यांतलं पाणी थोडं हललं, मग थांबलं. चहूकडून काठाला सारखं लागलं.

तुळजाबाईनं हातातली लोटी मुलीला दिली. मुलगी तिथंच उभी राहून ती सगळी प्यायली आणि दप्तर उचलून वर्गात गेली.